यंत्रांची उत्तरपूजा

आमच्या इचलकरंजीतला माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण खंडेनवमीला मागाला हार घालायचा विसरणार नाही. आधी माग, मग माणूस. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी पहिली ओळख करून दिली ती देवघराशी, दुसरी मागांशी, आणि नवऱ्याशी म्हणाल तर ती माझी मीच करून घेतली.

मी शालन हावळ. यंत्रमागाचा कारखाना आहे आमचा. आमचे मालक सुतासाठी आणि गिऱ्हाइकांसाठी सदा बाहेरगावी, म्हणून कारखाना मी बघते, आणि मला सासरे बघतात. म्हणजे मी कुठं चुकते ते बघतात. सिद्राम हावळ त्यांचं नाव, पण अख्खा गाव त्यांना अण्णा म्हणतो. ऐंशी ओलांडली तरी रोज कारखान्यात येतात. कानात ऐकायचं मशीन आहे. नको असलेला विषय निघाला की ते मशीन काढून खिशात टाकतात, आणि मग तुम्ही खुशाल भिंतीशी बोला.

आता माग पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. प्रत्येक मागाला डोळा आला, मेंदू आला. धागा तुटायच्या आधीच मागाला कळतं की हा तुटणार. कापडात डाग दिसला की माग स्वतः थांबतो आणि माझ्या फोनवर तक्रार करतो, सुनेची सासूकडं करावी तशी. पण हा मेंदू फार लवकर शिळा होतो. कंपनी सांगते, मेंदूतलं जुनं सर्किट-कार्ड आता चालायचं नाही, नवं घ्या. आपण घेतो. आणि जुनं?

जुनं माळ्यावर. इचलकरंजीतला एकेक माळा बघा तुम्ही. कार्डं, कॉम्प्युटर, स्क्रीन, झेरॉक्सची मशिनं, वायरींची भेंडोळी. उंदरांची तर चैनच! आणि प्रत्येक वस्तूवर वाळलेलं कुंकू. भंगारात घालत का नाही, म्हणून विचारलं तर माणसं असं बघतात, जणू तुम्ही त्यांची आजी विकायला काढली. अहो, लक्ष्मी आहे ती! पुजलेली वस्तू अशी उकिरड्यावर टाकतात होय?

आणि या सगळ्या लक्ष्म्यांचा राजा म्हणजे आमच्या घरातला पैलवान. गल्लीत पहिल्यांदा कॉम्प्युटरवर चालणारा माग अण्णांनी आणला, तेव्हा लोक हसले होते. त्या मागाचा मेंदू असलेली पेटी, फिक्या बदामी रंगाची, दोन माणसांनी उचलावी एवढी. ‘ह्यो आमचा पैलवान,’ अण्णा सांगत. त्या पेटीनं आमचं घर वर काढलं, दोन नणंदांची लग्नं केली. बंद पडून जमाना झाला, तरी दर खंडेनवमीला तिला कुंकू लागतंच. कुंकवाचा थर आता भाकरीएवढा जाड झालाय.

या सगळ्यात आमची केतकी येऊन पडली.

केतकी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्यात जंतूंचं शास्त्र शिकली, पण हात चित्रकाराचा. लहानपणी माझ्या अख्ख्या भिंती रंगवायची, आणि मार खायची. ती महापालिकेकडून परवानगी घेऊन आली आणि जुन्या सूत बाजाराच्या चौकात तिनं एक माग उभा केला. काचेचा. दोन मजली उंच. ताण्याच्या उभ्या धाग्यांच्या जागी काचेच्या नळ्या, आणि प्रत्येक नळीत वरपासून खालपर्यंत एक बारीक काळा धागा. नळीखाली पितळेची पट्टी, पट्टीवर गावातल्या एकेका धंद्याचं नाव. कारखाने, प्रेस, दवाखाने, मोबाइलची दुकानं, वकील, सीए, सगळे. पहिल्या नळीवर नाव होतं ‘हावळ टेक्स्टाइल’.

अण्णा काठी टेकत बघायला आले. “हे काय गं पोरी? मत्स्यालय?”

“अण्णा, दही कसं लागतं?” केतकीनं उलट विचारलं.

“विरजणानं.”

“मग हे तांब्याचं विरजण.” तिनं नळीतलं पाणी दाखवलं. “तुमच्या माळ्यावरच्या कार्डांत तांबं असतं, कथील असतं, थोडी चांदी, चिमूटभर सोनं. ते काढायचं म्हणजे आजवर एक तर कार्डं जाळायची, नाही तर तेजाबात बुडवायची. धूर कामगाराच्या छातीत, तेजाब ओढ्यात. माझे जंतू तेच काम गुपचूप करतात. कार्डाची पूड पाण्यात पडली की एका जातीचे जंतू आंबट पाणी सोडतात, त्यात तांबं विरघळतं आणि पाणी निळं होतं. दुसऱ्या जातीचे चांदी-सोन्याच्या मागं लागतात. मग बारीकशी वीज सोडली की विरघळलेला धातू जाऊन धाग्यावर बसतो. ज्यानं दिलं त्याचा धागा उजळतो. ज्यानं नाही दिलं त्याचा काळाच.”

“आणि ह्या जंतूंना पगार?”

“खाणंपिणं. आणि कामाला धातू. धातू नसेल तर हवेतले दुसरे जंतू पाण्यात शिरतात आणि ह्यांना हुसकून लावतात. धातूत दुसऱ्या कुणाचा टिकाव लागत नाही, हे मात्र मजेत जगतात.”

अण्णा खूश झाले. काम केल्याशिवाय जगत नाही, असा जीव त्यांना फार आवडतो. मग केतकीनं हळूच विचारलं, “पहिल्या नळीला पैलवान देणार?”

अण्णांनी कानातलं मशीन काढलं आणि खिशात टाकलं.

झालं! तिथंच गाडं अडलं. कारखानदार संघाचे अध्यक्ष झाकीर मोमीन आमचे शेजारी. दिलदार माणूस, पण तेही म्हणाले, “केतकीबेटा, माझा माळा पण भरलाय. पण अण्णांनी दिलं तर गाव देईल. आधी पैलवान येऊ दे, मग आमची रांग.” केतकी सीएच्या हाफिसात गेली, तिथंही तेच. झेरॉक्सवाला, दवाखाना, सगळीकडं एकच पालुपद. आधी अण्णा. चौकात येऊन फोटो मात्र सगळ्यांनी काढले. नवरा-नवरीसुद्धा लग्नाचे फोटो काढून गेली.

केतकीनं स्वतःचे दोन जुने फोन आणि कुणी दिलेली चार कार्डं घालून जंतू कसेबसे जगवले. पण गणपती आले तोवर नळ्यांतलं पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. ती आमच्याकडं यायची, नुसता चहा प्यायची, जेवायला नको म्हणायची. एरवी ही पोर ताटातलं माझंही खाणारी!

“काय झालंय ते नीट सांग,” मी एकदा दरडावलंच.

“मावशी, मूळ जात पुण्याच्या फ्रीजमध्ये आहे. पण इथल्या उन्हाला, इथल्या पाण्याला सरावलेली ही जात फक्त या काचेत आहे. सात वर्षं इथलं पाणी पुण्याला नेऊन घडवलीय गं ही. दसऱ्यापर्यंत धरेल कशीबशी. त्यात पोटभर धातू मिळाला नाही तर संपली.” आणि तिनं चहाचा कपही तसाच सरकवून ठेवला.

गणपती विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. अण्णा जेवायला बसले होते, केतकी शेजारी भात चिवडत होती, मी तव्यावर मिरच्या परतत होते. मिरच्यांचा खाट नाकात गेलेला, त्यात डोकं आधीच तापलेलं. मी विषय काढला. अण्णांनी ठरलेलं उत्तर दिलं.

“पुजलेली वस्तू टाकायची नसते, सूनबाई. त्यानं या घराचं मीठ खाल्लंय.”

“मग परवा गणपती काय घरात ठेवून घेतला?” मी उलथनं घेऊनच वळले. “दहा दिवस पुजला, मोदक चारले, हातावर दही घातलं आणि दिला की पाण्यात सोडून! प्रत्यक्ष देवाला जायची परवानगी आहे, आणि तुमच्या पैलवानाला नाही? देवापेक्षा मोठा झाला होय तो?”

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यांशी असं कुणी बोलतं? अण्णांचा हात कानाकडं गेला. मला वाटलं, आता मशीन खिशात आणि माणूस दोन दिवस अबोल्यात. पण हात तिथंच थांबला.

“गणपतीची उत्तरपूजा केली होती,” ते सावकाश म्हणाले. “अक्षता टाकून, मूर्ती जरा जाग्यावरनं हलवून. त्यानंतर ती नुसती माती राहते. मग सोडायला हरकत नसते.”

“मग यंत्राची करू या की,” केतकीनं मान वर केली.

“यंत्राची उत्तरपूजा कुठं सांगितलीय?”

“सांगितली नसेल तर तुम्ही सांगा. खंडेनवमी तरी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलीच असेल की.”

अण्णांनी भात कालवला. मग म्हणाले, “गणपती पुढच्या वर्षी परत येतो. म्हणून त्याला सोडवतं. पैलवान येणार काय?”

खोटं बोलणं सोपं होतं. ही पोर बोलली नाही. “तोच नाही येणार, अण्णा. त्याचं तांबं येईल. त्याच्याच तांब्याचं नवं कार्ड करून आणायचा प्रयत्न करीन. जमेल असं वाटतंय, पण आजवर कधी केलेलं नाही.”

अण्णांनी घास घेतला. नीट चावून खाल्ला. “गणपतीची तरी माती दर वर्षी तीच कुठं असते,” ते म्हणाले. “दसऱ्याला करू. सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावर. सूनबाई, मिरच्या करपल्या.”

बातमी गावात पसरायला काय वेळ लागतो! दसऱ्याच्या दुपारी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पैलवानाला मी स्वतः पुसला, झेंडूचा हार घातला. अण्णा नवं धोतर नेसून आले. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि दोन्ही हात त्या पेटीवर ठेवून उभे राहिले.

“लई राबलास बाबा,” ते म्हणाले. “आता चल. पुढच्या वर्षी लवकर ये.” आणि पेटी जागेवरनं बोटभर हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मलाही रडू आलं. कितीही झालं तरी त्याच पेटीपुढं मी या घरातलं पहिलं कापड मोजलं होतं.

तेवढ्यात हलगी कडाडली आणि रडणंबिडणं सगळं उडून गेलं. पैलवान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पुढं, मागं अख्खा गाव! मोमीनभाई स्वतः कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन निघाले. “आमच्यात उत्तरपूजा नसते,” ते मला म्हणाले, “पण निरोप तर सगळ्यांतच असतो की, वहिनी.” दवाखान्याची नर्स पोटातलं बाळ दाखवणारं जुनं मशीन हातगाड्यावरनं ढकलत होती. गावातल्या निम्म्या पोरांचं पहिलं दर्शन त्याच पडद्यावर झालेलं, त्यामुळं बाया पुढं होऊन त्याची दृष्ट काढत होत्या. सीएनं जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कला ड्रिलनं इतकी भोकं पाडली होती, की तिची चाळणी झाली होती. “पुण्य वेगळं, सावधगिरी वेगळी,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. आणि सगळे एका सुरात ओरडत होते, “पुढच्या वर्षी लवकर या!” नाद खुळा! एवढी माणसं चौकात मी आयुष्यात बघितली नव्हती.

काचेच्या मागाच्या पायाशी केतकीनं पिठाच्या गिरणीसारखी चक्की बसवली होती. वरून कार्ड टाकायचं, खाली पूड होऊन ज्याच्या त्याच्या नळीतल्या पाण्यात जायची. तिनं पैलवानाची पेटी उघडली, आतली मोठी हिरवी कार्डं सोडवून अण्णांच्या हातात दिली. पत्रा आणि प्लास्टिक बाजूच्या पोत्यांत गेलं. आणि इथंच घोटाळा झाला.

आमच्यात प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही घालतात, आणि गणपतीबरोबर शिदोरी देतात. अण्णांनी घरून दही-पोह्यांची पुरचुंडी आणली होती, कुणाला न सांगता. त्यांनी कार्डावर चमचाभर दही-साखर घातली, पुरचुंडी सोडली आणि कार्डासकट सगळं चक्कीत लोटलं.

“अण्णा, दही नको!” केतकी किंचाळली. पण हलगीत ऐकतंय कोण? अण्णांनी केलं म्हटल्यावर सगळ्यांनी केलं. दही, पोहे, पेढे, केळी. मोमीनभाईंनी घरून खिरीचा डबा आणला होता, तो अख्खा पालथा केला. केतकी हात पसरून चक्कीपुढं आडवी झाली तोवर गावाचा निम्मा फराळ आत गेला होता.

हलगी थांबली. नळ्यांकडं बघितलं तर सगळं पाणी पांढरं. ताक! दोन मजली ताकाचा माग!

केतकी पायरीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके द्यायला लागली. “धातू विरघळायच्या आधीच दह्याचे जंतू गेले मावशी आत. आता माझे काय टिकतात? संपलं सगळं.” गर्दी खालमानेनं पांगली. अण्णा काठी धरून तिच्याशेजारी बसले. म्हणाले, “पोरी, उपाशी कसं पाठवायचं त्याला, एवढंच डोक्यात होतं गं.” त्यांचा तो चेहरा बघून मला दोघांचंही वाईट वाटलं, कुणाला धरावं आणि कुणाला सोडावं कळेना.

रात्र कशी गेली ते विचारू नका. सकाळी मी चहाचं पाणी ठेवते न ठेवते तोच मोमीनभाई दारात, एका पायात चप्पल. “वहिनी! अण्णांना घेऊन चला! चौकात चला आधी!”

आम्ही गेलो. आणि बघतच राहिलो.

पाणी निळं झालं होतं. निळं म्हणजे कसं, मोराच्या मानेसारखं. कोवळं ऊन काचेतून पलीकडं पडलेलं, अख्खा चौक निळा, मोमीनभाईंची पांढरी दाढी निळी. आणि पहिल्या नळीतला काळा धागा खालून बोटभर लाल झाला होता, घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखा. केतकी एका नळीवरनं दुसऱ्या नळीवर धावत होती, थेंब काढून तपासत होती, हसत होती, मध्येच डोळे पुसत होती.

“मावशी, मी मूर्ख! महामूर्ख!” तिनं मला मिठी मारली. “दह्याचे जंतू एवढ्या धातूत टिकलेच नाहीत. पण मरायच्या आधी त्यांनी दूध-साखर आंबवून ठेवली. ते आयतं जेवण माझ्या जंतूंना मिळालं. इतके दिवस मी त्यांच्या कामाचीच काळजी करत होते, जेवण मोजूनमापून देत होते. गावानं एका दिवसात पोटभर वाढलं!”

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग गंभीरपणे म्हणाले, “म्हणजे शिदोरी लागतेच.”

त्यानंतर केतकीला क्षणाची उसंत मिळाली नाही. रोज कुणी ना कुणी उत्तरपूजा करून काहीतरी आणायचं. नैवेद्य किती आणि कसला, ते आता तिनं ठरवून दिलं, नाही तर लोकांनी पुरणपोळीसुद्धा आत लोटली असती! दिवाळीपर्यंत अर्धा माग तांबूस झाला. ज्याचा धागा काळा, त्याला चहाच्या टपरीवर लोक विचारायला लागले, “काय शेट, माळा अजून भरलेलाच?” पुढं विट्याहून, मालेगावाहून, भिवंडीहून कारखानदार आले, आमच्याही गावात असा माग उभारायचाय म्हणून. केतकी त्यांना बरणीत विरजण घालून द्यायची. आणि आपल्याकडं रिकामं भांडं कुणी परत करत नाही. बरण्या परत आल्या त्या मोबाइलमधनं काढलेल्या जुन्या कार्डांनी गच्च भरून.

वर्ष कसं गेलं कळलं नाही. पुढची खंडेनवमी आली. अण्णा सकाळपासून कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. जेवायला बोलावलं तर उठेनात. मला धाकधूक. केतकीचे पहिले दोन प्रयत्न फसले होते, हे मला ठाऊक होतं, अण्णांना नव्हतं.

उन्हं कलताना ती आली. पर्समधून कापडात गुंडाळलेली वस्तू काढून तिनं अण्णांच्या तळहातावर ठेवली. एक कार्ड. बिस्किटाएवढं. त्यावर तांब्याच्या रेघा, केसाहून बारीक.

अण्णांनी ते उलटसुलट करून बघितलं. “एवढासा? पैलवान होता गं तो!”

“वजन उतरवलंय त्यानं, अण्णा.”

अण्णा हसले नाहीत. पहिल्या मागापाशी गेले. अनामिकेनं कार्डाला कुंकवाचा इवलासा ठिपका लावला, अगदी कडेला, केतकीनं दाखवला तिथं. “आलास व्हय रे? लवकर आलास,” एवढंच म्हणाले. केतकीनं कार्ड मागात बसवलं. मी बटण दाबलं, आणि मनातल्या मनात आमच्या चौंडेश्वरीला नारळ बोलले.

माग एकदा खाकरला आणि चालू झाला. खडाक् खडाक्, खडाक् खडाक्. तोच कापडाचा पन्हा, तोच ठेका. मोमीनभाईंनी टाळ्या वाजवल्या, केतकी माझ्या गळ्यात पडली.

कारखान्यात पाऊल टाकताना अण्णा कानातलं मशीन नेहमी काढून ठेवतात. आवाज सोसत नाही. त्या दिवशी त्यांनी खिशातून ते काढलं, फुंकर मारली आणि कानात घातलं.

“अहो अण्णा, कान फुटतील! काढा ते!” मी ओरडले.

“असू दे गं सूनबाई,” ते मागाकडं बघत म्हणाले. “पैलवान बोलायलाय.”